अंबूचं लासं

नजीराबी सुईण कधी गप्प बसलेली वारणाकाठच्या त्या गावात कुणी पाहिली नव्हती. कळा सुरू झाल्यापासून मूल रडेपर्यंत तिचं तोंड चालू असायचं. मधेच अल्लाचं नाव, मधेच बाळंतिणीला दम, मधेच कुणाच्या सुनेला कसा पाटावर बसल्या बसल्या मुलगा झाला त्याची हकिगत. झुंबरबाईच्या पहिल्या बाळंतपणातही तेच चाललं होतं. पोर आली, रडली. नजीराबीनं नाळ कापली, "लक्षुमी आली बघ गं," म्हणाली, आणि पाठ पुसायची म्हणून पोरीला हातावर पालथी घेतली. तिथं तिचं बोलणं तुटलं.

झुंबर घामानं थबथबून पडली होती. तिला आधी ते कळलंच नाही. मग तिला वाटलं, पोर गेली. पण पोर तर रडत होती.

"खाला, काय झालं?"

नजीराबीनं पोरीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. सासू धोंडुबाई कोपऱ्यात चुलीवर पाणी तापवत बसली होती. ती उठली, चिमणी उचलून जवळ आली, आणि चिमणी तशीच हातात धरून उभी राहिली.

"मला दावा," झुंबर म्हणाली.

कुणी दाखवेना. शेवटी तिनंच कोपरावर जोर देऊन मान उचलली. पोरीच्या कमरेवर, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आणि खाली ढुंगणावर उतरलेलं, काळंभोर लासं होतं, जन्माची खूण. तिळाएवढं, चवलीएवढं लासं झुंबरनं पुष्कळांच्या अंगावर पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. कुणी डांबराचा हात फिरवावा तसा सगळा भाग काळा, थोडा उचललेला, आणि त्यावर रेडकाच्या अंगावर असते तशी बारीक लव. वरची मान, पाठ, खालचे पाय सगळं गव्हाळ, नितळ.

"गिराण," धोंडुबाई म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी हळू म्हणाली. "मी सांगितलं हुतं का न्हाई तुला?"

सांगितलं होतं, हे खरं होतं. शाहू छत्रपती गादीवर येऊन तीनचार वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या पौषात अवसेला, आणि अवसही शनिवारची, सूर्याला ग्रहण लागून भरदुपारी संध्याकाळ झाली होती. कावळे झाडांवर येऊन बसले, म्हशी दावणीकडं वळल्या, गावातली कुत्री कुठं गेली ती दिसेनात. झुंबर तेव्हा पाचव्या महिन्यात होती. धोंडुबाईनं तिला सकाळपासून माजघरात निजवून ठेवलं होतं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचं नाही, अंगाला जिथं हात लागेल तिथं पोराला डाग पडतो. झुंबर पडून राहिली होती. पण उजेड जायला लागला, बाहेर बायाबापड्यांचा गलका उठला, तशी ती घाबरून उठून बसली. कंबर धरली होती म्हणून दोन्ही हात मागं कमरेवर टेकवले. नेमकी धोंडुबाई दारात आली आणि तिनं ते पाहिलं.

तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता तिनं लाशाच्या तळव्यासारख्या पसरलेल्या दोन्ही बाजू बोटानं दाखवल्या. "ह्यो डावा. ह्यो उजवा."

झुंबरचा नवरा गणपतराव संध्याकाळी मळ्यातून आला. त्यानं पोरीला उचललं, फिरवून पाहिलं, पुन्हा आईच्या कुशीत ठेवलं आणि बाहेर जाऊन बैलांना वैरण टाकत बसला. तो रागावला असता, दोन शब्द बोलला असता, तर झुंबरला उत्तर तरी देता आलं असतं. तो काहीच बोलला नाही, आणि त्यानंतरही त्या लाशाबद्दल त्याच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही.

धोंडुबाई मात्र बोलली. ती दुष्ट बाई नव्हती. नातीला मांडीवर घेऊन तासन् तास बसायची, अंबाबाईचं नाव म्हणून अंबू हे नावही तिनंच ठेवलं. पण शेजारीण आली की अंगडं वर करून दाखवायची आणि सांगायची, "सुनंनं गिराणात कमरंवर हात ठेवलं." गावात पुढं कुणी पोटुशी राहिली की तिला झुंबरचा दाखला द्यायचे. झुंबर पाणवठ्यावर गेली की बायांची नजर आधी तिच्या हातांकडं जायची. ती भांडी घासताना, भाकरी थापताना स्वतःच्या तळव्यांकडं बघायची. एवढ्याशा हातानं एवढं केलं, हे तिच्या मनाला पटायचं आणि पटायचंही नाही.

अंबू तीनएक वर्षांची असताना धोंडुबाईनं एक वैदू आणला. त्यानं बिब्बा तापवून लाशाच्या एका कडेला त्याचं तेल लावलं. पोरगी जी किंचाळली, ती मळ्यात गणपतरावाला ऐकू गेली. कातडी फुगली, फुटली, ताप भरला. दुसऱ्या दिवशी वैदू उरलेलं लावायला आला तेव्हा घरात कधी मान वर न करणाऱ्या झुंबरनं त्याची झोळी उचलून अंगणात फेकली.

"जनमभर काळं ऱ्हाऊंदे," ती म्हणाली. "जाळायचं न्हाई."

त्या दिवसापासून अंबूला न्हाऊ घालायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. रोज तेल, रोज ऊन पाणी. त्या काळ्या कातडीची वीत न् वीत तिच्या बोटांना पाठ झाली. कुठं जाड, कुठं पातळ, कुठं केस दाट, बिब्ब्याचा चट्टा कुठं गुळगुळीत. लपवायची गोष्ट होती खरी, पण दुसऱ्या कुणाला एवढी ठाऊकही नव्हती.

अंबूला स्वतःला त्याचं काही नव्हतं, निदान दिसत तरी नव्हतं. पोरगी उंच, दणकट, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर नदीपलीकडची माणसं वळून बघायची. वडगावच्या बाजारात वांगी-मिरच्या घेऊन बसली की गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून भाव काढायची. "पावणं, वांग्याला हात लावू नका, आधी घ्येणार का सांगा," असं मोठ्या माणसांना म्हणायची. गणपतराव तिला बाजाराला नेताना खुशीत असायचा.

लग्नाची वेळ आली तशी झुंबरची झोप गेली. धोंडुबाई म्हणाली, "सांगायचं न्हाई. लुगड्याखालची जागा, कोन बघतंय?" पण हातकणंगल्याच्या सयाजीचं स्थळ आलं आणि त्याची आई विठाबाई पोरगी बघायला घरी आली, तेव्हा झुंबरनं तिला आत बोलावलं, दार लोटलं आणि अंबूला पाठमोरी उभी केली. विठाबाईनं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दुखतंय का?" तिनं अंबूला विचारलं.

"न्हाई."

"मग झालं तर. इनबाई, पोरगी मोट हाकती म्हनं, त्ये खरं का?"

झुंबरनं अंबूच्या अंगावर पदर ओढला. ती नकाराची वाट बघत होती. होकार आला तर कसं वागायचं, हे तिनं ठरवलंच नव्हतं.

अंबू सासरी सुखात राहिली. विलायतेत लढाई चालू होती आणि तालुक्यातली पोरं पलटणीत भरती होऊन जात होती, त्या सुमाराला ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नजीराबी म्हातारी झाली होती, तरी तीच आली. मुलगी झाली. नजीराबीनं तिला पालथी घेतली, उताणी घेतली, काखा बघितल्या, तळवे बघितले. घरातली सगळी माणसं दाराशी जमली होती.

"साफ हाय," नजीराबी म्हणाली. "आरशासारखी साफ."

धोंडुबाईचे डोळे तोवर अधू झाले होते. ती नातीच्या पोरीच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. झुंबरनं बाहेर जाऊन गणपतरावाला सांगितलं. तो हसला आणि गूळ वाटायला निघाला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी झुंबर अंबूला तेल लावत होती. बाळंतिणीची कंबर, म्हणून अंमळ जोर लावून चोळत होती, आणि तिची बोटं एका जागी अडखळली. लाशाच्या खालच्या अंगाला वाटाण्याएवढं काहीतरी घट्ट लागत होतं.

"थांबलीस का?" अंबूनं विचारलं.

"ह्ये काय हाय?"

"काय?"

"ह्ये. हितं."

"बाजंची सुतळी टोचली आसंल. दुखत न्हाई मला."

झुंबरनं तिला उजेडाकडं वळवलं. ती गाठ लाशाहूनही काळी होती, निळसर काळी, आणि बोटाखाली तिला थोडं रक्त आलं होतं. झुंबरला वाटलं आपण विसरलो असू, पूर्वीही असेल. पण बोटं तिला सांगत होती की नव्हती. अंबू सासरी गेली तेव्हा ती जागा नितळ होती.

घरात पोटीस बांधायचं ठरलं. ज्वारीच्या पिठाचं बांधलं, कांद्याचं बांधलं. धोंडुबाई म्हणाली, बाळंतपणाची उष्णता बाहेर पडतेय, पिकलं की फुटून जाईल. गाठ पिकली नाही. ती बोराएवढी झाली, लुगड्याला डाग पडायला लागले. तरी पोर तान्ही, अंबू खाती-पिती, हसती-बोलती, म्हणून दिवस जात राहिले. मग एका सकाळी अंबू म्हणाली, "आये, जांघंत आवधान आलंय."

त्या शब्दासरशी गणपतरावानं हातातला तांब्या खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं. त्या वर्षांत जांघेत आवधाण, अशी सुजलेली गाठ, आली म्हणजे प्लेग. त्याच्या धाकट्या भावाला तसंच आलं होतं आणि तो दोन रात्री काढू शकला नव्हता. शेजारच्या घरात कळलं तर सगळी आळी रानात जाऊन झोपड्या घालणार होती. त्यानं मुलीच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. दुसऱ्या दिवशीही थंडच. ताप नाही, भ्रम नाही, नुसती गाठ. हे काय आहे ते कुणालाच कळेना, आणि प्लेग नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटेना.

सयाजी आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मामी, मिरजंला गोऱ्या डाक्टरांचा दवाखाना हाय. उद्याच्या गाडीनं जाऊया."

हातकणंगल्याहून ते आगगाडीत बसले. अंबू, तिच्या मांडीवर पोर, सयाजी आणि झुंबर. अंबू पहिल्यांदाच गाडीत बसली होती. ती खिडकीला नाक लावून सगळा वेळ पोरीला रान दाखवत होती.

दवाखान्यात डाक्टरीण म्हणून एक मड्डम होती, उंच, पिकल्या केसांची. मराठी पुस्तकातलं बोलायची, पण साफ बोलायची. तिनं पडद्याआड अंबूला निजवलं, लाशावर बोटं फिरवली, गाठ दाबली, जांघ दाबली, मग पोटावर हात ठेवून बराच वेळ थांबली, आणि पडद्याबाहेर झुंबर आणि सयाजीपाशी आली.

"हा डाग जन्मापासून आहे?"

"व्हय," झुंबर म्हणाली. "माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं कसा?"

झुंबरनं सांगितलं. पौषातली अवस, अंधार, कंबर, हात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेली ती हकिगत तिनं स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदाच सांगितली. मड्डमनं मधे तोडलं नाही. ऐकून झाल्यावर ती स्टूल ओढून झुंबरच्या समोर बसली.

"बाई, असं होत नाही. माझ्या देशात ग्रहण लागलं की पोटुशा बाया अंगणात उभ्या राहून बघतात. त्यांची मुलं स्वच्छ जन्मतात. आणि जिनं जन्मात ग्रहण पाहिलं नाही अशा बाईलाही असं मूल होतं, मी पाहिलं आहे. पोटात मूल घडत असताना कातडीचा रंग एका जागी गोळा होतो. का होतो, हे आम्हालाही माहीत नाही. आईच्या हातानं होत नाही, हे माहीत आहे."

झुंबर पुढं सरकली.

"गिराणानं न्हाई?"

"नाही."

"मी हात लावला म्हनून न्हाई?"

"नाही, बाई."

 आतून काहीतरी मोठं सुटून पडतंय असं झुंबरला वाटलं, आणि ती अजून त्याला नाव देते आहे तोवर मड्डम पुढं बोलायला लागली होती.

"तीळ सगळ्यांना असतात. बहुतेकांचं काही होत नाही. असा मोठा डागही पुष्कळांचा जन्मभर तसाच राहतो. पण कधी कधी, थोड्यांच्या बाबतीत, त्याच्यात कर्करोग उठतो. तीळ वाढू लागला, रंग बदलला, रक्त आलं, तर लगेच दाखवायचं असतं. लवकर कापला तर माणूस वाचू शकतं."

"मग कापा की."

मड्डमनं सयाजीकडं पाहिलं, मग पुन्हा झुंबरकडं. "वरची गाठ मी कापीन. रक्त थांबेल, तिला बरं वाटेल. पण रोग जांघेत उतरला आहे. पोटातही हाताला लागतो. तिथवर माझी सुरी पोचत नाही."

सयाजी म्हणाला, "म्हंजी?"

"म्हणजे ती फार दिवस राहणार नाही."

एकाच स्टुलावर बसून, एकाच आवाजात, त्या बाईनं दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. तुझा दोष नव्हता, आणि तुझी मुलगी जाणार. झुंबरला पहिल्या गोष्टीचं काय करावं ते सुचेना, कारण दुसरी तिच्यावर येऊन पडली होती. तिला मड्डमचा राग आला. वाटलं, दोष होता असंच हिनं म्हणायला हवं होतं. दोष असता तर कुणाच्या तरी पाया पडता आलं असतं, नवस करता आला असता, आपला जीव घे म्हणून देवाशी भांडता आलं असतं. आता कुणाशी भांडायचं?

पडदा नुसता कापडाचा होता. अंबूनं सगळं ऐकलं होतं.

गाठ कापून, काही दिवस तिथं राहून ते परत निघाले. गाडीत सयाजी दाराशी उभा होता. अंबू खिडकीबाहेर बघत नव्हती.

"आये."

"काय?"

"तू काय केलं न्हवतंस म्हनं."

"व्हय. तसं म्हनली ती."

अंबूनं मांडीवरल्या पोरीचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, मीच काय तरी केलं आसंल. मागल्या जन्मी. आन् त्येचा बोल तुला लागतुया."

झुंबरनं मुलीकडं पाहिलं. जिच्या अंगावरची वीत न् वीत आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं, ती लेक आपल्या मनाशी हे धरून बसली होती, आणि बाजारात हुज्जत घालत होती, मोट हाकत होती, हसत होती. आईला त्याचा पत्ताही नव्हता.  तिनं फक्त पोर तिच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतली.

पावसाळा संपता संपता अंबू गेली. शेवटी पोट फुगलं होतं, श्वास लागत होता, पण हाक मारली तर अजून अंगणापर्यंत ऐकू यायची. विठाबाई हातकणंगल्याहून येऊन शेवटचे दिवस तिच्या उशाशी बसून होती. अंबूची मुलगी आजोळीच राहिली.

तेराव्यानंतर बायका बसल्या होत्या तेव्हा धोंडुबाई म्हणाली, "गिराणानं शेवटी ग्रासलंच की लेकराला."

झुंबर तिच्यासमोर येऊन बसली. "आत्ती, गिराणाचं काय नव्हतं. डाक्टरीण बाईनं सांगितलं. तसल्या लाशातनं रोग उठतो कदी कदी. कुनाच्या हातानं न्हाई, नजरंनं न्हाई."

"गोऱ्यास्नी काय कळतंय आपलं?"

"गाठ वाटाण्याएवढी हुती तवाच त्यांनी कापली असती, आत्ती. आपुन पोटीस बांधत बसलो."

हे बोलताना तिचा आवाज चढला नाही. धोंडुबाईचे आंधळे होत आलेले डोळे सुनेच्या दिशेनं वळले आणि तिथंच राहिले. पोटीस बांधा, पिकून जाईल, हे कुणी सांगितलं ते तिथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारी त्या दिवशी जेवली नाही. नंतर जेवली, जगली, आणखी तीन-चार पावसाळे पाहिले, पण ग्रहणाची ती हकिगत तिनं पुन्हा कुणाला सांगितली नाही. आपण तिला फार बोललो का, असं झुंबरला कधी वाटायचं, कधी वाटायचं नाही.

झुंबर रडली नव्हती. गावात त्याची चर्चा झाली. ती नातीला न्हाऊ घालायची, मळ्यात जायची, बाजाराला बसायची. तिला एक खोड मात्र लागली. माणसाशी बोलता बोलता तिची नजर त्याच्या अंगावरच्या तिळावर जायची आणि ती विचारायची, "ह्यो आदीपासनं हाय का? मोठा हुतोय का?" गिऱ्हाइकं चिडायची. नजीराबीच्या गालावर मस होता, तिला तर झुंबरनं इतकं भंडावलं की नजीराबी म्हणाली, "अगं, ह्यो माझ्या आईच्या पोटातनं माझ्यासंगट आलाय, आता माझ्यासंगट कबरीत जाईल. सोड की त्याला."

अंबू गेल्यावर दुसऱ्या वर्षी गणपतरावाच्या टाचेत काटा मोडला. काटा काढायला झुंबर सुई घेऊन बसली, पाय मांडीवर घेतला, आणि तिच्या हातातली सुई तशीच राहिली. टाचेच्या कडेला पावलीएवढा काळा डाग होता. मधोमध गडद, कडेला फिकट.

"ह्यो कदीचा?"

"काय की. पायाच्या तळव्याकडं कोन बघतंय?"

"उद्या मिरजंला जायाचं."

"काट्यासाठी मिरजंला?"

"उद्या जायाचं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडं पाहून गणपतरावानं वाद घातला नाही.

तीच मड्डम होती. तिनं झुंबरला ओळखलं. गणपतरावाला बाकावर बसवून तिनं पाय उजेडात धरला, डाग ओल्या कापडानं पुसला, दाबला, मग बारीक पातं घेऊन वरची निबर कातडी सोलायला लागली. झुंबर भिंतीला टेकून उभी होती. पातं फिरत होतं आणि काळ्या पापुद्र्याखाली आणखी काळा पापुद्रा निघत होता. गणपतराव छताकडं बघत होता. मग मड्डमनं पातं खाली ठेवलं आणि अंगठा त्या जागेवरून फिरवला. खाली लालसर, नितळ कातडी होती.

"हे रक्त आहे. ठेच लागून आत साकळलेलं. वर घट्टा धरला होता. याचं काही नाही, बाई."

झुंबर टाचेकडं वाकली.

"काई न्हाई?"

"काही नाही. पण दाखवायला आलात हे बरं केलंत."

झुंबर भिंतीवरून सरकत खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी आवाज थांबेना. पडद्यापलीकडचे रोगी उठून बघायला लागले, एक नर्स पाणी घेऊन आली. मड्डमनं हातानंच सगळ्यांना मागं राहायला सांगितलं. गणपतराव बाकावरून उतरला, लंगडत तिच्यापाशी आला. सोलून काढलेली टाच जमिनीला टेकत नव्हती. बायकोला हाताला धरून उठवावं की बसू द्यावं, हे त्याला कळेना. एका पायावर उभं राहून, दुसरं पायताण हातात धरून तो तिचं रडणं थांबायची वाट बघत राहिला.